घंटा, नग एक

माझं टेबल लेखा विभागात, खिडकीपासून तिसरं.
इथं नवी कल्पना आली
की आधी तिला विचारायचं :
तुझं लेखाशीर्ष कोणतं?

पद्मजा मगदूम, कनिष्ठ अभियंता, पाणीपुरवठा,
फाइल न घेताच आली.
पिशवीतून काढला संडासच्या टाकीतला प्लॅस्टिकचा गोळा,
सायकलची घंटा, वाकवलेली तार.
म्हणाली, टेंबलाईच्या चढावरच्या शेवटच्या गल्लीत
पाणी कधी रात्री दोनला येतं, कधी चारला,
बायका नळाला कान देऊन पडतात.
पाणी आल्यावर हे वाजलं
तर तोवर तरी झोपतील.

मी नियम सांगितला. एकोणीस वर्षं तेच सांगतोय.
तीन दरपत्रकं लागतील,
अजून कुणीच न बनवलेल्या वस्तूची.
असं काम तीन वर्षं केल्याचा दाखला लागेल.
आणि चाललं नाही तर वसुली कुणाच्या पगारातून,
ते आधी लिहून द्यावं लागेल.
ती हसली, गोळा टेबलावर सोडून गेली.
दिवसभर तो घरंगळत राहिला,
मी पंचिंग मशीननं अडवून धरला.

उद्यमनगरात दस्तगीर मुजावरच्या लेथवर
पहिली घंटा झाली : गाळानं गोळा अडकला.
दुसरी झाली : स्प्रिंग आठवड्यात गंजली.
"मॅडम, पयली दोन वाजायसाठी नसत्यात,
चुकायसाठी असत्यात.
मोठं करून चुकलात तर पेपरात नाव,
ल्हान करून चुकलात तर च्याचं पैसं."
तिसरीला त्यानं गोळाच काढून टाकला.
मोडीतल्या ऑइल इंजिनाचा पत्रा कापून
पाइपात बसवली पापणीसारखी झडप.

पैसे? गल्लीच्या भिशीचा त्या महिन्याचा नंबर
गौराक्का साळोखेंचा. त्यातले अकराशे.
बुडाले तर, मी विचारलं.
"बुडवायला तरी पाणी येऊ दे की."
मग मीही मान खाली घालून
'किरकोळ दुरुस्ती'त चौदाशे ऐंशी बसवले.
जोडणी साहित्य, असं लिहिलं.
खोटं नव्हतं. पूर्ण खरंही नव्हतं.

त्या रात्री दोन वीसला घंटा वाजली.
दारं उघडली, घागरी, बादल्या, तेलाचे डबे,
झोपेतली पोरं, मी, स्वेटर उलटा घातलेला.
नळ उघडला.
फुस्स.
नुसती हवा.

कुणी बोललं नाही. बादली खाली ठेवल्याचा आवाज
मोठा वाटला.
मगदूमबाई झडपेकडे बघत राहिल्या, मी बाईंकडे,
डोक्यात वसुलीचा नमुना भरायला घेतलेला.
गौराक्का उंबऱ्यावर बसल्या, अंबाडा बांधला,
चूळ भरली, पोराच्या अंगावर चादर ओढली,
आणि अकराव्या मिनिटाला नळ
खाकरून बोलायला लागला.

"आता, ही चूक काय म्हंतासा?
हवा म्होरं येऊन सांगून गेली की,
पाहुणा चढ चढतोय म्हणून."
दुसऱ्या दिवशी दस्तगीर पाना घेऊन आला
झडप घट्ट करायला.
गल्लीनं त्याला हात लावू दिला नाही.

लेखापरीक्षणाचा शेरा आलाय :
घंटा, नग एक. प्रयोजन स्पष्ट होत नाही.
खुलाशाला पंधरा दिवस आहेत, नऊ संपले.
कुणाची किती झोप वाचली, त्याला रजिस्टरात रकाना नाही,
मी समासात पेन्सिलीनं लिहितो, मग खोडतो.

आज एक पोरगा आलाय, केएमटीच्या वर्कशॉपातला,
हातात बुटाचा खोका, त्याला सुतळी.
म्हणाला, साहेब, फाइल नाही.
बस म्हणालो.
ड्रॉवर ओढला तर आत तो गोळा घरंगळला.
लेखाशीर्ष ओठावर आलं होतं.
विचारलं मात्र हे :
चुकायला किती लागतील?